टिकलीच्या मापाचा डाग

उद्यमबागेतल्या फौंड्र्यांची धडधड मागं पडली, तरी बायाक्का मागं वळून बघायला तयार नव्हती. पदर डोक्यावरून पार भुवयांपर्यंत ओढलेला, काखेत दवाखान्याची पिशवी आणि चाल अशी, की जणू त्या रस्त्यानंच तिचं काहीतरी वाईट केलंय. तिच्या मागून शेजारची माधवी. सकाळी दवाखान्यात जायचं म्हणून घातलेली चांगली चप्पल आता अंगठ्याला चावत होती, आणि ऊन तर असं, की डांबरावरून वाफा निघताना दिसाव्यात.

"आक्का, थांब की जरा. मागनं बस येतीया."

"तू जा बसनं. मी न्हाय चढणार."

"अगं, आपलं मच्छे गाव काय हाकेवर हाय का?"

"नसंना. देवानं पाय दिल्यात मला."

बस आली. माधवीनं हात केला, ड्रायव्हरनं वेग कमी केला, आणि बायाक्कानं रस्त्याकडं पाठ करून मान अशी हलवली की ड्रायव्हर कन्नडमध्ये दोन शब्द बोलून निघून गेला. धूळ तेवढी दोघींच्या वाट्याला आली. सरकारनं बायकांना बस फुकट केली तेव्हा याच बायाक्कानं गल्लीत साखर वाटली होती. आणि आज ती फुकटची बस सोडून भर दुपारी पायी निघाली होती. माधवीनं मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं, कारण तोंडानं काही घेतलं असतं तर ते देवीचं नाव नसतं.

झालं होतं असं. दोघी बेळगावातल्या कातडीच्या डॉक्टरांकडून परत येत होत्या. तपासताना डॉक्टरांनी बायाक्काला कपाळावरची टिकली काढायला लावली होती, ती तशीच काढलेली राहिली. बसमध्ये तिला एका बाईशेजारी जागा मिळाली. बाईच्या मांडीवर लेकरू होतं. गाडी सुटली, खिडकीतून वारं आलं, पदर मागं गेला. बाईनं कपाळावरचा पांढरा डाग बघितला आणि लेकरू चटकन दुसऱ्या बाजूला घेतलं. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण ती उठली आणि गर्दीत जाऊन उभी राहिली, बसायला जागा असताना. माधवी मागच्या सीटवरून सांगत होती, "अहो बाई, लागत नाही ते! शिवलं तरी काही होत नाही!" पण तिच्या मोठ्यानं बोलण्यानं उलट न बघणारी माणसंसुद्धा माना वळवून बघू लागली. बायाक्का उभी राहिली आणि म्हणाली, "थांबवा गाडी." उद्यमबागेत ती उतरली. मग माधवीलाही उतरावं लागलं.

माधवी बेळगावातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. दरवर्षी कातडीच्या रोगांचा धडा तिच्याकडं असतो. गजकर्ण, खरूज, इसब, शिबं, नागीण, कोड. पोरींना इंग्रजी नावं पाठ होतात, पण गावातल्या बाईनं "मला शिबं उठल्यात" म्हटलं की एकमेकींकडं बघतात. म्हणून ती फळ्यावर दोन्ही नावं लिहिते, आणि शेजारी लिहिते कोणता रोग शिवण्यानं पसरतो, कोणता नाही. फळा ऐकून घेतो. बसमधल्या बाईला कोण सांगणार?

बायाक्काचं माहेर लोंढ्याकडचं, रानातलं. तिकडं तांदळाची भाकरी. ज्वारीची भाकरी थापायला ती मच्छ्यात सासूच्या हाताखाली शिकली, आणि सासू गुणाबाई म्हणजे भाकरीला जरा भेग पडली तर बोटांवर उलथनं मारणारी. पण शिकवलं ते असं, की पुढं त्याच भाकरीवर घर उभं राहिलं. शेतीचा तुकडा राहिला नव्हता, नवरा मारुतीराव लेथवर कामाला होता, आणि त्याची कंपनी एका पावसाळ्यात बंद पडली ती परत उघडलीच नाही. तेव्हा गल्लीतल्या खोल्यांत बागलकोट, बदामीकडची पोरं भाड्यानं राहत, कारखान्यात राबत आणि हॉटेलातला भात गिळून कंटाळत. बायाक्कानं त्यांना एकदा भाकरी आणि झुणका दिला. दुसऱ्या दिवशी ती पोरं ताटं घेऊन दारात. तेव्हापासून चुलीवरचा तवा उतरला नाही. पोरं रात्री येऊन जेवतात, दुपारच्या भाकऱ्या मारुतीराव फडक्यात बांधून सायकलनं कारखान्यात पोचवतो आणि मधल्या वेळी कट्ट्यावर बसून सांगतो, "आमचा कारखाना बायको चालवती, मी डिस्पॅच."

आता टिकलीचं. बायाक्का आधी कुंकूच लावायची, मेण लावून, गोल, ठसठशीत. पण तव्यासमोर घाम असा येतो, की कुंकू ओघळून नाकाच्या शेंड्यावर. एकदा त्यातला थेंब थापत्या भाकरीवर पडला आणि तिला कळलंच नाही. जेवताना नागराज नावाच्या पोराच्या ताटात ती भाकरी गेली. "आक्का, रक्त!" म्हणून तो उठला, आणि मारुतीराव हातातली भाकरी दाखवून कुंकू, कुंकू म्हणेस्तोवर अख्खी पंगत ताटावरून उठली होती. त्या दिवसापासून बायाक्कानं चिकटवायची टिकली धरली. घाम येवो, वाफ येवो, हलत नाही. तिला ते शहाणपणाचं वाटलं, आणि होतंही.

पण गुणाबाईंचा दंडक असा, की सवाष्णीचं कपाळ घटकाभर मोकळं राहायचं नाही, झोपेतसुद्धा. जुनी टिकली काढली की नवी लगेच, त्याच जागी. बोलायला जागा नाही, सोडायला जागा नाही. तेव्हा तो डिंक बायाक्काच्या कपाळावरून कधी उतरलाच नाही. आधी खाज सुटली. "घामोळं असंल," बायाक्का म्हणाली. मग जागा लाल झाली. "उष्णता हाय," गुणाबाई म्हणाल्या आणि सब्जा भिजत घातला. मग एके दिवशी टिकलीखाली पांढरं दिसलं, बरोबर टिकलीच्या मापाचं.

आणि बायाक्कानं काय करावं? ती एक माप मोठी टिकली लावू लागली, डाग झाकायला. मोठ्या टिकलीचा डिंक मोठा, त्याखालचा डाग मोठा. मग आणखी मोठी टिकली. गल्लीतल्या बायका कौतुकानं म्हणू लागल्या, "आक्का, आताशा देवीगत दिसाया लागलीस बघ." बायाक्का हसायची आणि आत जाऊन आरशात कडा तपासायची.

माधवी दोन घरं सोडून राहते. तिला ते दिसलं एका संध्याकाळी, ताक मागायला गेली तेव्हा. टिकलीच्या कडेनं पांढरी कोर बाहेर आली होती.

"आक्का, टिकली काढ बघू."

"का? तुला लावायची हाय?"

"काढ तर."

"दिवेलागणीला सवाष्णीला टिकली काढायला सांगतीस? मॅडम झालीस म्हणून?"

तिथून भांडण सुरू झालं ते आजपर्यंत. माधवी सांगून सांगून थकली, की हा डाग टिकलीच्या डिंकानं पडतो, तू झाकतीस तसा वाढतो. बायाक्का म्हणायची, "मग गल्लीतल्या समद्या बायका टिकल्या लावत्यात, त्यांना का न्हाय?" माधवी म्हणायची, कुणाला होतं, कुणाला होत नाही, आणि तू रात्रीची सुद्धा काढत नाहीस. बायाक्का म्हणायची, "आत्तींना सांग." गुणाबाईंना सांगायला गेलं की त्या जपमाळ हातात घ्यायच्या आणि बहिऱ्या व्हायच्या.

मधे मालुबाई आली. मालुबाईच्या चाळीतच त्या कामगार पोरांच्या खोल्या, तेव्हा पोरांनी काय खावं, कुणाकडं खावं, हे निम्मं तिच्या तोंडावर चालतं. तिनं बायाक्काला बावचीचं तेल आणून दिलं. "कोडावर एक नंबर. लावायचं आणि उन्हात बसायचं." बायाक्का अर्धवट काही करत नाही. तिनं तेल चोपडलं, उन्हात बसली, आणि वर चुलीपाशी जाऊन भाकऱ्याही थापल्या. दुसऱ्या दिवशी कपाळावर फोड, पाण्यानं टरारलेले. माधवी धावत गेली तर बायाक्का ओल्या फडक्यानं कपाळ दाबून बसलेली आणि मालुबाई शेजारी म्हणत होती, "म्हंजे गुण यायलाय."

"गुण न्हवं, भाजलंय ते!" माधवी ओरडली. "ते तेल लावून उन्हात बसलं की कातडी जळती, मालुमावशी!"

"आमच्या भावाच्या सुनेला आलाता की गुण."

फोड बरे झाले, पण कडा काळवंडल्या आणि मधला डाग अजूनच उठून दिसायला लागला.

त्यात माधवीच्याच कॉलेजच्या पोरी गावात घरोघर पाहणीला आल्या. रक्षा नावाची एक हुशार पोर, पहिल्या बाकावरची. बायाक्काच्या दारात तिनं बायाक्काच्या कपाळाकडं बघितलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं कोडाचं इंग्रजी नाव घेऊन म्हणाली, "मॅडम, व्हिटिलिगो!" आणि फोटोला फोन काढला. माधवीनं तिचा हात धरून खाली केला. बाजूला घेऊन सांगितलं, की बाई, आधी माणसाला नमस्कार करतात, मग त्याला काय झालंय ते विचारतात, आणि दारात रोगाचं नाव घेत नाहीत, त्यातून चुकीचं तर अजिबात नाही. रक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पलीकडच्या दारात मालुबाई उभी होती, तिला इंग्रजी कळलं नव्हतं तरी सूर कळला होता. संध्याकाळपर्यंत गल्लीत 'कोड' झालं. दोन दिवसांनी कुणीतरी त्याचा महारोग केला. आठवड्याभरात पोरांतली निम्मी ताटं आलीच नाहीत. मारुतीराव फडक्यात उरलेल्या भाकऱ्या घेऊन परत यायचा आणि डिस्पॅचचा विनोद करायचा नाही.

तेव्हा कुठं बायाक्का डॉक्टरकडं यायला तयार झाली. आज सकाळी डॉक्टरांनी कापसाचा बोळा डागावरून फिरवला आणि विचारलं, "लागतंय का?" "लागतंय की," ती म्हणाली, "गुदगुल्या व्हायल्यात." "मग हा कुष्ठरोग नव्हे," डॉक्टर म्हणाले. नेहमीचं कोडही नव्हे, टिकलीच्या डिंकानं रंग गेलाय. मलम देतो. पण काही महिने कपाळाला काही लावायचं नाही. टिकली नाही, कुंकू नाही, गंध नाही. रंग हळूहळू येईल, सगळा येईलच असं सांगत नाही.

"रातीला लावली तर?" बायाक्कानं विचारलं.

"नाही."

"सणाला?"

"नाही."

"देवळात जाताना तेवढी?"

डॉक्टरांनी माधवीकडं बघितलं. माधवीनं छताकडं बघितलं.

आता पिरनवाडीच्या अलीकडं एका झाडाखाली उसाच्या रसाचा गाडा होता. माधवीची चप्पल तुटायचीच बाकी होती. तिनं बायाक्काचा हात धरून तिला तिथं बसवलं, जवळजवळ ढकललंच. रसवाल्यानं दोन ग्लास दिले. बायाक्का पदर पुढं ओढून रस प्यायली, तिनं ग्लास परत ठेवला आणि रसवाला तो कसा धुतोय ते बघत राहिली. तो फोनवर कुणाशी तरी बोलत होता, त्यानं दोन्ही ग्लास एकदमच बादलीत बुडवले आणि पालथे घातले.

"बघितलंस?" माधवी म्हणाली. "त्याला काय पडलंय का?"

"त्यानं माझ्याकडं बघितलंच न्हाय."

"तेच म्हणते मी. सगळे बघतात असं न्हवं."

"शहाणपण शिकवू नकोस गं." बायाक्कानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. "तू डॉक्टर न्हाईस, वकील न्हाईस, पण बोलतीस दोघांचं. मला एक सांग. बरं व्हायचं तर कपाळ उघडं ठेवायचं. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"उघडं ठेवलं की डाग दिसणार. डाग दिसला की पोरं जेवाया येणार न्हाईत. झाकला तर वाढणार. मग मी काय करायचं? ह्ये तुझ्या पुस्तकात कुठल्या पानावर हाय?"

पुस्तकात 'कारणीभूत वस्तू टाळावी' असं होतं, एका ओळीत. त्या ओळीपाशी एक सासू, एक मालुबाई आणि जेवायला येणारी पोरं बसलेली असतात, हे छापलेलं नव्हतं.

"पोरांना मी सांगेन," ती म्हणाली. "कन्नडमध्ये सांगेन. खोलीखोलीत जाऊन."

"बसमधी सांगितलंस तसं?"

माधवीनं चप्पल काढून अंगठा चोळला. रसवाल्याचा फोन चालूच होता.

"आणि आत्तींचं काय?" बायाक्का म्हणाली. "नवरा जिता असताना उघड्या कपाळानं चुलीपाशी बसली, तर त्या अन्न सोडतील. न्हाय, खरंच सोडतील. गेल्या साली रुसल्या तेव्हा शेंगाच्या लाडवावर राहिल्या की."

"मारुतीअण्णा काय टिकलीवर जगत्यात का?"

"त्यो माझ्या भाकरीवर जगतो," बायाक्का म्हणाली, आणि एवढ्या रागातही तिला हसू फुटलं. मग दोघीही हसल्या, रसवाला फोन कानाचा काढून बघायला लागला. "त्यो म्हणतोय, मी दारात बसून सांगतो, मी जिता हाय म्हणून. पाटी लावतो म्हणाला. त्याला काय, त्याचं कपाळ कोण बघतंय?"

त्या हसण्यानं माधवीला वाटलं, गाडी रुळावर आली. रस्त्याला लागल्यावर ती बोलत राहिली. माधवी तशी देवाची. पहाटे दिवा लावल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा जात नाही, आणि पूजा झाली की मेणावर कुंकू रेखल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. पण ती जे सांगत होती, ते मनापासून सांगत होती. देवी काय टिकलीचा डिंक बघती का? ती मन बघती. कुंकू म्हंजे मान, आणि मान काय कातडी जाळून द्यायचा असतो का? ज्या देवीनं हे अंग दिलं, तिला त्या अंगाची आबाळ केलेली कशी चालंल? आत्तींना हे समजावून सांगता येईल. बायकांना सांगता येईल. एक दिवस बोलतील, दोन दिवस बोलतील. काही होत नाही, आक्का. काढून टाक, बस.

बायाक्का ऐकत होती. मधे "व्हय" म्हणाली. पिरनवाडी गेली. आणखी एक बस गेली. यावेळी माधवीनं हातसुद्धा केला नाही.

मच्छ्याची पहिली घरं दिसायला लागली तशी बायाक्काची चाल मंदावली. गल्लीच्या तोंडाशी देवीचं देऊळ, देवळासमोर नळ, नळावर घागरी आणि घागरींपाशी बायका. मालुबाईचा आवाज लांबून ओळखू येत होता. बायाक्का कोपऱ्यावरच्या भिंतीआड थांबली. पिशवीतून तिनं टिकल्यांचं पाकीट काढलं, सगळ्यात मोठ्या मापाचं, नवं. दवाखान्यात जाताना वाटेत घेतलेलं.

"आक्का!" माधवीच्या अंगात आता राग करायचंही त्राण नव्हतं. "अगं, सकाळपासनं मी काय भिंतीला सांगितलं?"

"ओरडू नकोस. लावत न्हाय." तिनं पाकीट उघडलं, एक टिकली नखानं सुटी केली, बोटाच्या टोकावर धरली, बघितली आणि परत कागदावर चिकटवली. पाकीट माधवीच्या हातात दिलं. मग दोन्ही हातांनी पदर मागं सारला, पार खांद्यापर्यंत. घामानं भिजलेले केस, काळवंडलेली कड, मधे तो पांढरा गोल. उन्हात तो जास्तच पांढरा दिसत होता. माधवीची नजर एकदा त्याच्यावर गेली आणि तिनं ती बळंच डोळ्यांकडं आणली. बायाक्कानं ते टिपलं.

"उद्या शुक्रवार," ती म्हणाली. "ओटी भराया समद्या बायका देवळात जमत्यात. मालुबाई येणार, आमच्या आत्ती येणार. मी बी येणार, अशीच. लपून बसले तर ती ताटं काय परत यायची न्हाईत."

"ये की. मी असतेच तिथं."

"असतीस, ठाऊक हाय मला. हिरवी साडी, हातभर चुडा आणि कपाळावर ह्ये एवढं कुंकू. आणि माझ्या शेजारी उभी राहून सांगणार, काही होत न्हाय, काही होत न्हाय." बायाक्कानं तिच्या कपाळाकडं बोट केलं, पण लावलं नाही. आवाज खाली आला. "माधवी, मी तुला आजवर काय मागितलं न्हाय. ताक सोडून. उद्या तू बी कुंकू न लावता ये. पूजा कर, दिवा लाव, समदं कर, पण देवळात येताना कपाळ पुसून ये आणि माझ्या शेजारी उभी राहा. येशील?"